कृषी सल्ल्याचा दाता : महाराष्ट्रातील कृषी विस्तारसेवेचा ऐतिहासिक मागोवा

महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथात शेतीची प्रदर्शने भरवावीत, औत हाकण्याच्या परीक्षा घेऊन उत्तम शेतकऱ्यांस बक्षिसे द्यावीत, अशी मागणी सरकारकडे केली होती. शेतीज्ञानाचा प्रसार हे शासनाचे कर्तव्य होय, ही धारणा महाराष्ट्रात इतकी जुनी आहे. हे कर्तव्य कालांतराने निविष्ठा विक्रेत्याच्या दुकानात कसे जाऊन पोहोचले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१९५२ मध्ये समुदाय विकास कार्यक्रम व १९५३ मध्ये राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली. ग्रामसेवक हा तिचा कणा होता. परंतु त्याच्यावर इतकी कामे लादली गेली की शेतीसाठी त्यास सवड उरेना. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९७० च्या दशकात देशात आलेल्या 'प्रशिक्षण व भेट' पद्धतीने यावर उपाय शोधला. विस्तार कर्मचाऱ्याकडे केवळ शेतीचे काम राहील व तो ठरल्या दिवशी पंधरवड्यातून एकदा शिवारात येईल, अशी ही योजना होती. शेतकऱ्यास ती विनामूल्य, शासनास मात्र महाग होती. बाह्य निधी आटताच भेटीही विरळ झाल्या.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५९ व्या फेरीतील (२००३) आकडे या संदर्भात बोलके आहेत. देशातील केवळ सुमारे ४० टक्के शेतकरी कुटुंबांना आधुनिक तंत्रज्ञानाची माहिती कोणत्या ना कोणत्या स्रोतातून मिळत होती. निविष्ठा विक्रेत्याकडून ती घेणारी कुटुंबे १३.१ टक्के, तर शासकीय विस्तार कर्मचाऱ्याकडून घेणारी अवघी ५.७ टक्के होती. पदवीधरांनी शुल्क घेऊन सल्ला द्यावा, या हेतूने केंद्राने २००२ मध्ये कृषी चिकित्सालय योजना आणली होती. नाशिक-सांगलीचा द्राक्ष बागायतदार सल्ल्याचे पैसे मोजतो. कोरडवाहू कापूस उत्पादकाने ते कोठून मोजावेत? त्याला दुकानातील सल्ला फुकट वाटतो, कारण त्याचे मोल औषधाच्या बाटलीत मिसळलेले असते.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अनेक कीटकनाशके एकत्र मिसळणे व संरक्षक साधनांचा अभाव ही कारणे तेव्हा चर्चेत आली. त्याआधी, २००३ मध्येच, हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेने विक्रेत्यांसाठी एक वर्षाची पदविका सुरू केली होती. तिने विक्रेत्याचे ज्ञान वाढते, हे मान्य करावयास हवे. त्याचे उत्पन्न मात्र विकलेल्या मालावरच अवलंबून राहते.