धोतराचं गाव, अंड्याचं घराणं

नामपूरच्या बाजार समितीत कांद्याच्या जोडीला मक्याचाही लिलाव होतो. मोसम खोऱ्यात पिकणाऱ्या या मक्यातला थोडाच माणसाच्या ताटात येतो. बराचसा कोंबडीखाद्यासाठी भरडला जातो आणि पोल्ट्रीच्या शेडमध्ये पोचतो. नाशिक जिल्ह्यात करारावर ब्रॉयलर वाढवणारे शेतकरी पुष्कळ आहेत. पिल्लं, खाद्य आणि औषधं कंपनी देते. शेड, वीज, पाणी आणि रात्रीची जागरणं शेतकऱ्याची. चाळीसेक दिवसांनी गाडी येते, पक्षी तोलले जातात आणि किलोमागे ठरलेली मजुरी हाती पडते. महाराष्ट्रात या धंद्यावर जी मोठी घराणी उभी राहिली, त्यांतल्या पुण्याच्या एका घराण्याने १९ नोव्हेंबर २०१० रोजी इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब विकत घेतला. किंमत होती २ कोटी ३० लाख पौंड, शिवाय क्लबवरचं कर्जही अंगावर घेतलं. इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीतला, म्हणजे प्रीमियर लीगमधला क्लब पूर्णपणे भारतीयांच्या मालकीचा होण्याची ती पहिली वेळ.

परदेशी धनिकांनी इंग्लिश क्लब घेण्याची गोष्ट बहुतेक जण २००३ पासून सांगतात. त्या वर्षी रशियाच्या रोमान अब्रामोविचने सुमारे १४ कोटी पौंड मोजून, त्यात कर्जही धरून, चेल्सी घेतला. पण ब्लॅकबर्नकडे पाहिलं की या प्रथेचं मूळ फार मागे जातं. मला ते परदेशात नव्हे, इंग्लंडच्याच गावोगावच्या कारखानदारांत दिसतं.

ब्लॅकबर्न हे लँकशायरमधलं मागांचं गाव. लोकवस्ती लाखाच्या थोडी वर, आपल्या मालेगावच्या वस्तीचा सुमारे चौथा हिस्सा. विसाव्या शतकाच्या आरंभी जगात सर्वाधिक कापड विणणाऱ्या गावांत त्याची गणना होई, आणि त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं हिंदुस्थान. इथल्या मागांवर खास आपल्यासाठी धोतरं विणली जात. आपण सरसकट 'मँचेस्टरचं कापड' म्हणत आलो त्यातलं कितीतरी या ब्लॅकबर्नचं आणि शेजारच्या डार्वेनचं होतं. १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, पुढे असहकाराच्या आणि कायदेभंगाच्या काळात बहिष्कार देशभर पसरला, तेव्हा त्याची झळ या गावांना लागली. जपानची स्पर्धा, मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या आणि जागतिक मंदी ही कारणंही तितकीच मोठी होती. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी मुद्दाम डार्वेनला गेले आणि बेकार झालेल्या गिरणी कामगारांना भेटले. कामगार बायकांच्या घोळक्यात हसत उभे असलेले गांधीजी ज्या छायाचित्रात दिसतात, ते तिथलंच.

फुटबॉल या गिरण्यांच्या भोंग्याबरोबर वाढला. १८५० च्या कायद्याने कापड गिरण्यांतलं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबवलं. कामगाराला आठवड्यात पहिल्यांदा अशी एक दुपार मिळाली जी मालकाचीही नव्हती आणि चर्चचीही नव्हती. शनिवारी दुपारी तीनला सामना सुरू करायची इंग्लंडची रीत त्या सुट्टीतून आली. खेळाचे नियम उच्चभ्रू शाळांतल्या मुलांनी बांधले होते, फुटबॉल संघटनेचा एफए कपही सुरुवातीला त्यांचेच संघ जिंकत. १८८३ साली ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या संघाने ईटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना अंतिम सामन्यात २-१ असं हरवलं आणि कप पहिल्यांदा कामगारांच्या गावात गेला. संघात विणकर होते, सूतगिरणीतले होते, नळकाम करणारा होता, लोखंडाच्या कारखान्यातला होता.

इथेच या कुळकथेचा पहिला पुरुष भेटतो. त्याचं नाव सिडनी येट्स, गावातल्या ओतकामाच्या कारखान्याचा मालक. ऑलिम्पिकचा खर्च मुख्यतः त्याच्या खिशातून चाले. मोठ्या सामन्याआधी खेळाडूंना काही दिवस समुद्रकाठच्या ब्लॅकपूलला नेऊन सराव करवायचा, ही त्या काळी नवलाची गोष्ट त्याच्याच पैशावर झाली. कप जिंकल्यावर सहा वर्षांत, १८८९ साली, पैसा आटला आणि ऑलिम्पिक संघ मोडला. त्याच गावातला, १८७५ साली स्थापन झालेला रोव्हर्स हा संघ अधिक सधन होता. स्कॉटलंडचा पाथरवट फर्गी सूटर डार्वेनकडून १८८० मध्ये रोव्हर्सकडे आला, तेव्हा त्याला पैसे देऊन पळवल्याची ओरड झाली. खेळाडूला पैसे द्यायला अधिकृत परवानगी मिळाली ती १८८५ मध्ये. रोव्हर्सने १८८४, १८८५ आणि १८८६ अशी सलग तीन वर्षं कप जिंकला आणि १८८८ साली जगातली पहिली फुटबॉल लीग स्थापन करणाऱ्या बारा क्लबांत तो होता.

खेळाडू पगारी झाले तसे क्लब कर्जात गेले, आणि कर्जाची जबाबदारी मर्यादित करण्यासाठी त्यांच्या कंपन्या झाल्या. कंपनी आली की शेअर आला, शेअर आला की विक्री आली. फुटबॉल संघटनेला हा धोका दिसला होता. तिने नियम केला की क्लबच्या भागधारकाला ठराविक टक्क्यांपलीकडे लाभांश मिळणार नाही, संचालकाला पगार मिळणार नाही, क्लब बंद झाला तर मैदान विकून आलेला पैसा वाटून घेता येणार नाही. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. गावचा खाटीक, बांधकाम कंत्राटदार, गिरणीमालक क्लबवर पैसा लावत, मिरवत, भांडत, पण त्यातून नफा काढू शकत नसत. जवळजवळ शंभर वर्षं तो टिकला. १९८१ मध्ये संचालकांना पगाराची मुभा मिळाली. १९८३ मध्ये टॉटनहॅमने क्लबच्या वर एक वेगळी कंपनी उभी करून ती शेअर बाजारात आणली. नियम क्लबला लागू होता, वरच्या कंपनीला नव्हता. इतरही त्याच वाटेने गेले आणि नियम कागदावर उरला.

परदेशी पैसा तोवर किरकोळ होता. लेबनॉनचे सॅम हमाम १९८० च्या दशकात विंबल्डन चालवत होते. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली आणि पाच वर्षांच्या प्रक्षेपणासाठी ३० कोटी ४० लाख पौंडांचा करार झाला, तेव्हा चित्र पालटलं. इजिप्तच्या मोहम्मद अल-फायेद यांनी १९९७ मध्ये तिसऱ्या श्रेणीतला फुलहॅम घेतला आणि चार वर्षांत वर आणला.

ब्लॅकबर्नमध्ये याच काळात दुसरा येट्स उभा राहिला होता, फार मोठ्या मापाचा. जॅक वॉकर हा तेराव्या वर्षी शाळा सोडलेला गावचाच मुलगा. भावाबरोबर त्याने वडिलांचा पत्र्याचा धंदा वाढवून पोलादाचं साम्राज्य केलं आणि १९९० मध्ये ते ब्रिटिश स्टीलला ३० कोटी पौंडांहून अधिक किमतीला विकलं. दुसऱ्याच वर्षी त्याने रोव्हर्स ताब्यात घेतला. तेव्हा क्लब दुसऱ्या श्रेणीत रखडत होता. वॉकरने केनी डॅलग्लिशला प्रशिक्षक आणलं, १९९२ मध्ये ॲलन शिअररला ३६ लाख आणि १९९४ मध्ये ख्रिस सटनला ५० लाख पौंडांना घेतलं, ईवुड पार्क हे मैदान नव्याने बांधलं. १४ मे १९९५ रोजी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, रोव्हर्स लिव्हरपूलकडून हरला. पण त्याच वेळी मँचेस्टर युनायटेडला लंडनमध्ये बरोबरीवर थांबावं लागलं आणि विजेतेपद ८१ वर्षांनी ब्लॅकबर्नला आलं. वॉकर रडला. गाव आजही त्याचं नाव देवासारखं घेतं आणि ते मला समजतं.

तरी परदेशी मालकाला दार उघडलं ते या प्रेमळ माणसानेच. क्लबचं उत्पन्न आणि खर्च यांचा संबंध त्याने तोडून टाकला. तिकिटांवर आणि गावाच्या वर्गणीवर जगणारा क्लब एकट्याच्या तिजोरीवर जगू लागला. तो स्वतः जर्सी बेटावर राहायचा आणि क्लबचे शेअर तिथल्या विश्वस्त निधीत होते. ऑगस्ट २००० मध्ये तो गेला. विश्वस्तांनी काही वर्षं पैसा पुरवला, मग हात आखडता घेतला आणि गिऱ्हाईक शोधू लागले. लाखभर वस्तीच्या, गिरण्या बंद पडलेल्या गावात कोट्यवधी पौंड दरसाल ओतणारा दुसरा वॉकर कुठून मिळणार? तो बाहेरूनच येणार होता.

आता पुण्याकडचं घराणं. डॉ. बी. व्ही. राव हे मूळ आंध्रातले. १९७१ मध्ये त्यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. संकरित पिल्लं, लसी, खाद्य, प्रशिक्षण असा सगळा पसारा त्यांनी उभा केला आणि परसातली कोंबडी शेडमध्ये आणून तिचा उद्योग केला. त्यांचं मोठं काम मात्र मला वेगळंच वाटतं. अंड्याचा भाव तेव्हा शहरातले व्यापारी पाडायचे आणि उत्पादक मिळेल ते घ्यायचा. राव देशभर हिंडले, पोल्ट्रीवाल्यांच्या बैठका घेतल्या आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. आपल्या अंड्याचा भाव आपणच ठरवायचा, ही तिची हाक. लिलावाच्या ओट्यावर कांदा घेऊन उभ्या राहिलेल्या कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा या कसमादे पट्ट्यातल्या शेतकऱ्याला या हाकेचं मोल वेगळं सांगायला नको. १९९० मध्ये रावांना पद्मश्री मिळाली, १९९६ मध्ये ते वारले. धंदा अनुराधा देसाई आणि त्यांचे भाऊ व्यंकटेश व बालाजी राव यांच्याकडे आला. ब्लॅकबर्नचा सौदा याच पिढीने केला.

सुरुवात उमेदीची होती. रोनाल्डिन्हो, बेकहॅम अशा नामांकित खेळाडूंशी बोलणी असल्याच्या बातम्या आल्या. संघाचे खेळाडू चिकन खाताना दाखवणारी जाहिरात झाली. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ पुण्यात येऊन बालेवाडीला पुणे एफसीशी खेळला. घसरण मात्र त्याआधीच सुरू झाली होती. क्लब घेतल्यावर महिन्याच्या आत अनुभवी प्रशिक्षक सॅम ॲलर्डाइस यांना काढलं आणि त्यांच्या हाताखालच्या स्टीव्ह कीन यांना बसवलं. जुने जाणकार एकेक करून गेले. पुण्यात बसून हजारो मैलांवरचा क्लब मध्यस्थांच्या सल्ल्याने चालवायचा प्रयत्न झाला आणि तो फसला. ७ मे २०१२ रोजी विगनविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांनी क्लबचा झेंडा पांघरलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. रोव्हर्स ०-१ हरला आणि अकरा वर्षांनी प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. पुढच्या एकाच हंगामात कीन, हेनिंग बर्ग आणि मायकेल ॲपलटन असे तीन प्रशिक्षक गेले. बर्ग टिकले ५७ दिवस. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला, वर्षभरात परत दुसऱ्या श्रेणीत आला, पण त्यापुढची पायरी चढता आली नाही.

राव कुटुंबाने क्लब वाऱ्यावर सोडला असं मात्र म्हणता येणार नाही. इतर परदेशी मालक पाहा. अब्रामोविचला २०२२ मध्ये निर्बंधांमुळे चेल्सी विकावा लागला, तो २५० कोटी पौंडांना गेला. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेड ७९ कोटी पौंडांना घेताना कर्जाचा बोजा क्लबच्याच डोक्यावर ठेवला. पोर्ट्समथ परदेशी मालकांच्या हातून हातात फिरत २०१० मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला; प्रीमियर लीगमध्ये असताना ती वेळ आलेला तो पहिलाच क्लब. पुण्याचं घराणं मात्र दरवर्षी कोट्यवधी पौंडांचा तोटा भरत राहिलं. अलीकडे अंमलबजावणी संचालनालयाच्या चौकशीमुळे तो पैसा पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागली. ब्लॅकबर्नला जाणारा पैसा दिल्लीतल्या तारखांची वाट पाहू लागला. मालक वाईट होते, एवढं म्हणून ही गोष्ट संपवता येत नाही. एका तिजोरीवर जगणाऱ्या क्लबाची ही अवस्था येट्सच्या काळीही झाली होती, वॉकरनंतरही झाली.

मला खटकतं ते दुसरंच. ज्यांच्या वडिलांनी उत्पादकाला भाव ठरवण्याच्या जागी बसवलं, त्यांच्या क्लबात पिढ्यान्‌पिढ्या तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाला बोलायला जागाच नव्हती. ईवुड पार्कच्या आसपासच्या गल्ल्यांत १९६० च्या दशकात गिरण्यांत कामाला आलेल्या भरूच-सुरतकडच्या गुजराती आणि पाकिस्तानी कुटुंबांची आता तिसरी-चौथी पिढी राहते. भारतीय मालक आणि हे शेजारी यांची गाठ घालून क्लबाला नवा आधार देता आला असता. ती संधी हातची गेली.

जर्मनीने १९९८ पासून वेगळी वाट धरली आहे. तिथे मोजके अपवाद सोडले तर क्लबच्या कंपनीत निम्म्याहून अधिक मतं सभासदांकडेच राहतात, पैसेवाला कितीही मोठा असो. इंग्लंडमध्ये, निम्म्याहून अधिक प्रीमियर लीग क्लब परदेशी हातांत गेल्यावर, २०२५ साली कायद्याने स्वतंत्र नियामक नेमला. नव्या मालकाचा पैसा कुठून आला हे तो तपासेल. मैदान विकायला त्याची परवानगी लागेल. क्लबचं बोधचिन्ह किंवा शर्टाचे मुख्य रंग बदलायचे तर बहुसंख्य चाहते सोबत आहेत हे क्लबला दाखवावं लागेल. रोव्हर्सचा अर्धा निळा, अर्धा पांढरा शर्ट त्यामुळे सुरक्षित झाला. क्लब कुणाला विकायचा, यावर मात्र ब्लॅकबर्नच्या माणसाला या कायद्यानेही मत दिलेलं नाही.