तळटीप : ‘जुनी डिस्क जोडणे’

* ‘डिस्क जोडणे’ हा शब्दप्रयोग येथे केवळ केबल लावण्यापुरता नाही. खर्ड्याच्या १७९५ च्या लढाईसारख्या विषयांवरचा जो मराठी मजकूर १९९० च्या दशकात संगणकावर जुळवला गेला, तो बहुधा आयडीई पद्धतीच्या, म्हणजे ४० पिनांच्या पट्टीकेबलने जोडायच्या, डिस्कवर साठवलेला असतो. एका केबलवर दोन डिस्क असल्यास ‘मास्टर’ कोणती व ‘स्लेव्ह’ कोणती हे जंपर नावाच्या चिमुकल्या टोपीने ठरवावे लागते आणि सिलिंडर, हेड व सेक्टर यांचे आकडे बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना प्रथम चालणाऱ्या अंगभूत प्रणालीत, अनेकदा हाताने भरावे लागतात. १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर ही जुन्या बायोसची कमाल असल्याने ५२८ मेगाबाइटपलीकडची जागा त्याला दिसतच नाही. खरी अडचण मात्र यापुढची आहे: श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींचे त्या काळचे फॉन्ट युनिकोडवर बेतलेले नसल्याने, तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या संगणकावर ‘खर्डा’ हा साधा शब्दही रोमन अक्षरचिन्हांचा निरर्थक पुंजका होऊन उमटतो. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे संकेतमानक १९९१ मध्येच ठरले होते. फॉन्टचे संकेत तरीही ज्याचे त्याचे वेगळेच राहिले.