तुकडी-प्रक्रियेचा इतिहास : छिद्रपत्रांपासून डेटाबेसपर्यंत

प्रस्तावना

संगणकाच्या पाठ्यपुस्तकांत तुकडीने काम करण्याची पद्धत, म्हणजे बॅच प्रोसेसिंग, ही बहुधा गतकाळातील एक अवस्था म्हणून शिकविली जाते. आधी छिद्रपत्रे आली, मग चुंबकीय फिती, पुढे पडद्यासमोर बसून थेट काम करण्याची सोय झाली आणि तुकडी मागे पडली, असा हा सरळ क्रम मांडला जातो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन वेगळे आहे. तुकडी नाहीशी झाली नाही; ती यंत्रचालकाच्या हातून आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हाती गेली. मात्र तिच्याबरोबर असलेली हिशेब जुळविण्याची शिस्त तितक्याच निष्ठेने पुढे आली नाही. या स्थित्यंतराचा आढावा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

छिद्रपत्रे आणि फितीचा काळ

१८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांच्या यंत्रांनी छिद्रपत्रांच्या गठ्ठ्यांची मोजणी केली. १९५१ मध्ये युनिव्हॅक यंत्राबरोबर चुंबकीय फीत व्यवहारात आली. संगणकाचा प्रत्येक मिनिट महाग असल्याने दोन कामांमधील रिकामा वेळ परवडणारा नव्हता. म्हणून १९५६ मध्ये जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन यांनी आयबीएम ७०४ साठी एकामागून एक कामे आपोआप चालविणारी प्रणाली तयार केली.

फितीवरील कामाची रीत आजही अभ्यसनीय आहे. मुख्य नोंदींची जुनी फीत आणि क्रमवार लावलेल्या बदलांची फीत एकत्र वाचून तिसरी, नवी फीत लिहिली जाई. जुनी फीत तशीच राही. या पिढ्यांना आजोबा, वडील आणि मुलगा अशीच नावे होती. काम मध्येच बिघडले, तर नवी फीत बाजूला ठेवून जुन्या फितीपासून पुन्हा आरंभ करता येई. शिवाय प्रत्येक गठ्ठ्याबरोबर नोंदींची संख्या व रकमांची बेरीज लिहिलेली असे. क्वचित खातेक्रमांकांचीही बेरीज घेत. तिला स्वतःचा अर्थ नसे, पण एखादी नोंद गळली की ती चुके. आलेले आणि गेलेले आकडे जुळल्याशिवाय काम पूर्ण मानले जात नसे.

थेट प्रक्रिया आणि व्यवहाराची संकल्पना

अमेरिकन एअरलाइन्स व आयबीएम यांची सेबर ही आरक्षण-प्रणाली १९६४ पर्यंत पूर्णपणे कार्यान्वित झाली आणि नोंद त्या क्षणी बदलण्याचे युग रुजले. आता मात्र जुनी नोंद पुसूनच नवी लिहिली जाऊ लागली; आजोबा-वडिलांचा आधार संपला. त्याची जागा घेणारी संकल्पना म्हणजे ‘व्यवहार’, अर्थात ट्रान्झॅक्शन. जिम ग्रे यांनी १९८१ मध्ये तिची मांडणी केली, तर १९८३ मध्ये हेर्डर व रॉयटर यांनी तिचे चार गुणधर्म ‘अ‍ॅसिड’ या संक्षेपात बांधले. व्यवहार घडला तर संपूर्ण, नाही तर मुळीच नाही, हे त्याचे सार होय.

तत्पूर्वी १९७० मध्ये कॉड यांनी संबंधाधिष्ठित प्रतिमान मांडले होते. त्यानुसार बदल एका नियमात सांगता येत असेल, तर एकाच आज्ञेने हजारो ओळी बदलता येतात.

तुकडीचे पुनरागमन

पुढे आज्ञावली एका यंत्रावर आणि डेटाबेस दुसऱ्या यंत्रावर, अशी विभागणी रूढ झाली. बाहेरून आलेल्या नोंदी एकेक करून पाठविल्या, तर प्रत्येकीमागे जाण्यायेण्याचा एक फेरा पडतो. एका फेऱ्याला एक सहस्रांश सेकंद धरला, तरी १,००,००० ओळींना केवळ प्रवासात १०० सेकंद लागतील. हजाराच्या तुकड्या केल्यास फेरे १०० होतात आणि हा वेळ एक दशांश सेकंदावर येतो. यंत्राचा रिकामा वेळ वाचविण्यासाठी जन्मलेली तुकडी अशा रीतीने फेऱ्यांचा खर्च वाचविण्यासाठी परतली. १९९८ च्या अखेरीस आलेल्या जावा १.२ बरोबर जेडीबीसीमध्ये तुकडीने आज्ञा पाठविण्याची सोय झाली.

तुकडी किती मोठी असावी, यालाही मर्यादा आहेत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एका आज्ञेत साधारण २,१०० मूल्येच देता येतात. म्हणजे २० रकान्यांच्या तक्त्यात एका आज्ञेत शंभराच्या आसपास ओळी बसतात. त्याच प्रणालीत एका आज्ञेने सुमारे ५,००० कुलुपे घेतली, की संपूर्ण तक्ताच कुलूपबंद होण्याची शक्यता असते आणि इतरांचे काम खोळंबते.

अर्धवट तुकडीचा प्रश्न

खरी कसोटी बिघाडाच्या वेळी लागते. तुकडीतील एक आज्ञा फसल्यावर उरलेल्या चालवाव्यात की थांबावे, हे जेडीबीसीने ठरवून दिलेले नाही. ते त्या-त्या ड्रायव्हरवर सोपविले आहे. समजा, एखाद्या महाविद्यालयाने ८,००० शुल्कनोंदी पाचशेच्या १६ तुकड्यांत भरावयास घेतल्या, प्रत्येक तुकडी हा स्वतंत्र व्यवहार ठेवला आणि अकरावी तुकडी फसली. पहिल्या ५,००० नोंदी पक्क्या झालेल्या आहेत. दोष दुरुस्त करून कोणी काम पहिल्यापासून चालविले, तर त्या ५,००० नोंदी दोनदा जमा होतील. प्रत्येक तुकडी आपल्यापुरती निर्दोष. संपूर्ण काम मात्र चुकलेले. त्याची झळ पावती हातात घेऊन खिडकीशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला बसते.

यावरील उपाय फितीच्या काळातील शिस्तीशी नाते सांगतात. पावतीक्रमांक अनन्य ठेवावा. पूर्ण झालेल्या तुकडीचा क्रमांक त्याच व्यवहारात नोंदवावा. फसलेली तुकडी निम्मी-निम्मी करीत दोषी नोंद शोधावी. अखेरीस संख्या आणि बेरीज दोन्ही बाजूंनी ताडून पाहावी.

निष्कर्ष

तुकडी कालबाह्य नाही, याची साक्ष भारतीय बँकव्यवहारही देतो. मार्च २००४ मध्ये सुरू झालेली आरटीजीएस रकमा एकेक करून चुकती करते. त्यानंतर नोव्हेंबर २००५ मध्ये आलेली नेफ्ट मात्र तुकड्यांनी चालते. १६ डिसेंबर २०१९ पासून दिवसाचे २४ तास, दर अर्ध्या तासाला एक अशा ४८ तुकड्यांनी.

सारांश, तुकडीचा आकार हा केवळ वेगाचा प्रश्न नाही. बिघाड झाल्यास किती काम पुन्हा करावे लागेल आणि ते कोणी करावयाचे, याचा तो निर्णय आहे. पूर्वी हा निर्णय संगणक-कक्षातील नियमांत लिहिलेला असे. आज तो आज्ञावलीतील एका आकड्यात दडलेला असतो. विद्यार्थ्यांना तुकडी-प्रक्रिया शिकविताना तिच्या वेगाबरोबर तिचा ताळेबंदही शिकविला जावा, एवढेच या निमित्ताने सुचवावेसे वाटते.