सावकाराची वही, कायद्याचं पुस्तक आणि गोदूताई

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. "दादा, पोरगी कॉमर्सची आहे, पण वकील व्हायचं म्हणते. आता पाच वर्षांचा बीबीए-एलएलबी असतो म्हणे, दोन्ही एकत्र. आपल्या डहाणू-तलासरीच्या पोरीला त्याचा उपयोग काय?"

सीईटी, फी, हॉस्टेल यांची माहिती देणारे पुष्कळ आहेत. उपयोगाचं उत्तर मात्र आपल्याच मातीत आहे. त्यासाठी ऐंशी वर्षं मागे जावं लागेल.

१९४५ च्या आधी इथला वारली गुलाम कसा झाला होता? बेड्या घालून नाही, वहीत नाव लिहून. पावसाळ्यात घरात दाणा नसला की सावकाराकडून खावटी घ्यायची आणि पीक आलं की वाढीव भात मोजून द्यायचं. लग्नाला कर्ज काढलं की नवरा-बायको दोघांनी मालकाकडे राबायचं. त्याला नाव होतं लग्नगडी. कर्ज किती, फिटलं किती, व्याज किती, हे फक्त वही लिहिणाऱ्याला ठाऊक. अंगठा लावणाऱ्याला वाचता येत नव्हतं. जमिनी गेल्या त्याही अशाच, कागदावरून. वर वेठ होतीच. मालकाने बोलावलं की फुकट कामाला जायचं.

आणि कायदा? कायदा होता की! जबरदस्तीने काम करून घेणं हा १८६० च्या भारतीय दंड संहितेतच गुन्हा होता, कलम ३७४. सरकारला माहीत नव्हतं असंही नाही. सायमिंग्टन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या आदिवासींच्या स्थितीवर अहवाल लिहिला, तो १९३९ साली छापलाही गेला. पण हिशेब मालकाकडे, मुनीम मालकाचा, कागद करणारा वकीलही मालकाचा. वही आणि कायदा दोन्ही एकाच बाजूला असले की दुसऱ्या बाजूला फक्त घाम उरतो.

हे दोन्ही शिकलेली एक बाई मग या बाजूला आली. गोदावरी गोखले, म्हणजे आपल्या गोदूताई परुळेकर. जन्म १९०७, पुणे. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन पदवी, त्यावर कायद्याची पदवी. महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला कायदा पदवीधर म्हणून त्या ओळखल्या जातात. वकिली थाटून मुंबई-पुण्यात सुखाने राहता आलं असतं. त्या आल्या आपल्या जंगलपट्टीत.

त्या काळी ही जोडी शिकलेलं आणखी एक मोठं नाव म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मुंबईच्या सिडनहॅम कॉमर्स कॉलेजात प्राध्यापक, मग लंडनला एकीकडे अर्थशास्त्र, दुसरीकडे ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी. १९२२ ला बॅरिस्टर, १९२३ ला डीएस्सी. परत आल्यावर अकाउंटन्सीच्या मुलांना ते व्यापारी कायदा शिकवत. कोकणातली खोती मोडायचं विधेयक १९३७ साली त्यांनीच मांडलं. त्यांच्याच स्वतंत्र मजूर पक्षाकडून मुंबई विधिमंडळात गेलेले शामराव परुळेकर हे गोदूताईंचे पती.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं. उंबरगाव तालुक्यातले माह्या धांगडा आणि काही वारली तिथे गेले. आपली तलासरी तेव्हा उंबरगावातच मोडायची. २३ मे १९४५ ला झरीला हजारो वारली जमले. ठरलं काय? वेठ करायची नाही. बारा आणे रोज मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतावर जायचं नाही. लग्नगडी मोकळे.

मग आला गवत कापणीचा हंगाम. मागणी होती ५०० पौंड गवताला अडीच रुपये. नीट बघा ही मागणी. वजन ठरलेलं, दर ठरलेला. "माय-बाप, दया करा" हा शब्द त्यात कुठेच नाही. पिढ्यानपिढ्या ज्याला हिशेब दाखवला नाही, तो आता मालकाला हिशेब सांगत होता. म्हणून तर ते झोंबलं. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. गोदूताईंना जिल्ह्यातून हद्दपार केलं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. वारल्यांना पदवीने सोडवलं नाही. ते स्वतः उठले, संप केला, मार खाल्ला. गोदूताईंनीही आपल्या पुस्तकाचं नाव 'जेव्हा माणूस जागा होतो' असं ठेवलं. जागा होतो तो माणूस, पदवी नाही. पण जागा झालेल्या माणसाला कागद वाचणारं कोणीतरी आपलं लागतं.

आज वही कुठे गेली? कुठेच नाही, फक्त रूप बदललं. मुंबई-वडोदरा एक्सप्रेसवे, बुलेट ट्रेन, २०२४ ला मंत्रिमंडळाने मंजूर केलेलं वाढवण बंदर. तुम्ही बाजूने असा नाहीतर विरोधात, जमिनीचा मोबदला कसा काढला हे वाचता आलं पाहिजे. वनहक्काचा दावा, पेसाखाली ग्रामसभेचा ठराव, घोलवडच्या चिकूचं आणि वारली चित्रकलेचं भौगोलिक मानांकन, व्यापाऱ्याशी करार, गावच्या सोसायटीचा ताळेबंद. यातलं एकही काम नुसत्या कायद्याने होत नाही, नुसत्या हिशेबानेही नाही.

गोदूताई ८ ऑक्टोबर १९९६ ला गेल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पेसा कायदा आला. तलासरीत आज त्यांच्या नावाचं कॉलेज आहे, आणि तिथे कॉमर्सही शिकवतात.

तेव्हा ताई, पोरीला घालायचं असेल तर जरूर घाला. पाच वर्षांचा कोर्स जमला नाही तर आधी इथेच बीकॉम, मग तीन वर्षांचं एलएलबी, तेही चालेल. फक्त शिकून झाल्यावर एवढं विचारा तिला: बाळा, वही कोणाची लिहिणार?