फटफटीचं कूळ

सायकलला इंजिन बसलं की माणसं तिला तिच्या आवाजाचं नाव देतात. मराठीत ती फटफटी झाली. जपानमधल्या हामामात्सू शहरात ती ‘बाता-बाता’ होती. डेन्मार्कमध्ये तिला ‘क्नालर्ट’ म्हणतात, म्हणजे फटाफट वाजणारी. हॉलंडमध्ये ‘ब्रोमर’, म्हणजे गुरगुरणारी. इटलीत युद्ध संपता संपता सायकलला जोडायची दोन इंजिनं आली. एकाचं नाव ‘कुचोलो’, कुत्र्याचं पिल्लू. दुसऱ्याचं ‘मॉस्किटो’, डास. ‘मोपेड’ हा शब्द तेवढा टेबलावर घडला. 1952 साली हॅराल्ड नील्सन या स्वीडिश पत्रकाराने मोटर आणि पेडल यांचे सुरुवातीचे तुकडे जोडून तो बनवला. बाकी बहुतेक बारशी रस्त्यावर झाली आणि ती कानांनी केली.

ही नावं पोरखेळातली वाटतात, पण त्यांत यंत्राची नेमकी माहिती साठलेली आहे. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेच्या मिश्रणाचा भडका उडतो, पिस्टन खाली ढकलला जातो आणि वाट उघडताच दाबलेला जळका वायू एकदम बाहेर निसटतो. तो एक ‘फट’. फोर-स्ट्रोक इंजिनात हे दोन फेऱ्यांत एकदा घडतं, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला. एका सिलिंडरची थोराड बुलेट जागेवर उभी असताना मिनिटाला साधारण 1,000 फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला आठेक ‘फट’. ते कानाला सुटे सुटे ऐकू येतात, म्हणून ती फटफटी. छोटं टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 4,000 फेऱ्यांवर गेलं की सेकंदाला सुमारे 67 स्फोट होतात. इतके ठोके कान वेगळे ठेवू शकत नाही, त्यांचा एक सूर होतो. म्हणून तो डास. कुचोलो 48 सीसीचं फोर-स्ट्रोक होतं आणि मॉस्किटो 38 सीसीचं टू-स्ट्रोक. नुसत्या नावावरून, इंजिन न उघडता, त्याची जात ओळखता येते.

या कुळाचा मूळपुरुष मात्र वाफेवर चालायचा. 1870च्या आसपास फ्रान्समध्ये लुई-गीयोम पेरो याने मिशो कंपनीच्या घडणीच्या दुचाकीवर वाफेचं छोटं इंजिन चढवलं. त्याच सुमारास अमेरिकेत सिल्व्हेस्टर रोपरनेही तेच केलं. हा रोपर 1896 साली, वयाच्या 72व्या वर्षी, सायकलच्या ट्रॅकवर स्वतःची वाफेची दुचाकी पळवत असतानाच गेला. 1885 साली जर्मनीत डाइमलर आणि मायबाख यांनी लाकडी सांगाड्यात पेट्रोलचं इंजिन बसवलं. पुढचा प्रश्न जागेचा होता. सायकलमध्ये इंजिनासाठी राखलेली जागा अशी नसतेच, मग हे वजन ठेवायचं कुठे? पॅरिसमध्ये वेर्नर बंधूंनी 1897 साली ते पुढच्या चाकाच्या वर ठेवलं. वजन उंचावर गेलं आणि ओल्या रस्त्यावर सायकल आडवी होऊ लागली. 1901 साली त्यांनी इंजिन खाली, पायडलच्या जागी, दोन चाकांच्या मधोमध आणलं. मोटारसायकलचं इंजिन आजही साधारण तिथेच असतं.

घरी सायकलला इंजिन बसवणारा प्रत्येक जण हा सगळा इतिहास स्वतःच्या हातांनी पुन्हा जगतो. 1946 साली सोइचिरो होंडाही तो जगला.

त्याचं हामामात्सू बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालं होतं. आगगाड्या आणि बसगाड्या तुडुंब भरलेल्या, अन्नधान्य आणायचं तर सायकल मारत दूरवर जायचं. होंडाला एका ओळखीच्या माणसाकडे लष्कराच्या वायरलेस संचाला वीज पुरवणारं छोटं इंजिन दिसलं. युद्ध संपल्यामुळे ते कुणाच्या कामाचं उरलं नव्हतं. त्याने ते सायकलवर चढवलं आणि पेट्रोलच्या टाकीसाठी घरातली शेकायची गरम पाण्याची बाटली वापरली. त्यानेही इंजिन आधी पुढेच ठेवलं होतं. रबरी रूळ पुढच्या टायरवर घासून चाक फिरायचं, पण तेव्हाच्या हलक्या टायरांना ते सोसेना. मग इंजिन मधे आलं आणि पट्ट्याने मागचं चाक फिरवू लागलं. वेर्नर बंधूंचा धडा त्याला जवळजवळ पन्नास वर्षांनी स्वतःच्या टायरांवर गिरवावा लागला.

पहिली चाचणी त्याच्या बायकोने, साचीने घेतली. सामान आणायला ती रोज सायकल मारायची, तेव्हा गरज तिची होती आणि परीक्षकही तीच. गजबजलेल्या रस्त्यांवरून चक्कर मारून ती घरी आली तेव्हा तिची चांगली विजार तेलाने माखली होती. कार्ब्युरेटर उलटा फवारा मारत होता. हे असं चालणार नाही, गिऱ्हाईक भांडायला येईल, असं तिने नवऱ्याला बजावलं. एरवी कुणाचं न ऐकणाऱ्या होंडाने हे ऐकलं, आणि इंजिन विक्रीला जाईपर्यंत तो दोष गेला होता. जगातल्या सर्वांत मोठ्या मोटारसायकल कंपनीच्या उत्पादनावरचा पहिला शेरा असा घरातून आला.

लष्कराची ती उरलेली इंजिनं सुमारे 500 होती. ती संपली तेव्हा 1947 साली होंडाने स्वतःचं 50 सीसी इंजिन बनवलं, आणि लोक ज्याला बाता-बाता म्हणू लागले ते हे. 1952 साली पांढऱ्या टाकीचं, लाल रंगाचं ‘कब’ इंजिन आलं. त्याच्या विक्रीसाठी होंडाचा भागीदार ताकेओ फुजिसावा याने देशभरातल्या सुमारे 50 हजार सायकल दुकानांना पत्रं पाठवली. पंक्चर काढणारी, चेन बसवणारी माणसं इंजिनही बसवतील, हा त्याचा विश्वास होता आणि तो खरा ठरला.

आपल्याकडे या कुळाची शाखा पुण्या-नगरकडे रुजली. कायनेटिकची लुना 1972 साली आली. इटलीतल्या पियाजिओच्या ‘चाओ’ या मोपेडवरून घेतलेली, 50 सीसीची आणि पायडल असलेली. आमच्या अप्पांकडे एक होती. ते तिला स्टँडवर चढवून पायडल मारायचे, मागचं चाक भिरभिरायचं आणि इंजिनाने धरलं की गल्लीभर तो बारीक सूर पसरायचा. चढावर ती दमली की अप्पा दोन-चार पायडल मारून तिला हात द्यायचे. पेट्रोल संपलं तर तीच सायकल व्हायची. लुनाच्या अंगात जन्माची खूण शिल्लक होती, आणि मला ती याच कारणाने आपली वाटायची.

आज घरी फटफटी बनवणारे बहुतेक जण चिनी बनावटीचा संच वापरतात. त्याला 80 सीसी म्हणतात, पण सिलिंडरचा व्यास 47 मिलीमीटर आणि पिस्टनची चाल 38 मिलीमीटर. गुणाकार केला की 66 सीसी भरतात. इंजिन फ्रेमच्या त्रिकोणात बसतं. मागची दुसरी चकरी आऱ्यांनाच, आरे दोन रबरी चकत्यांच्या मधे धरून, नऊ बोल्टांनी आवळायची. ती केसभर तिरकी राहिली तर चेन उतरते, आणि उतरलेली चेन आऱ्यांत गेली तर चाक जागीच जाम होतं. माझं कळकळीचं सांगणं आहे: इंजिनाआधी ब्रेक बदला. सायकलचे ब्रेक पायांनी कमावलेल्या वेगासाठी असतात. आपल्या कायद्यात 25 सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी मोटार वाहनात धरत नाहीत. 66 सीसी त्या रेषेच्या फार पुढे आहे, त्यामुळे अशी सायकल नोंदणीशिवाय रस्त्यावर नेता येत नाही. ती शेतात, स्वतःच्या आवारात चालवावी.

आमच्या शेजारच्या एका मुलाने गेल्या उन्हाळ्यात अंगणात अशी सायकल उभी केली. इंजिन सुरू झालं, पण आवाज अडखळत येत होता, घोगरा, सुटा सुटा. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल जास्त झालं की प्रत्येक फेरीला भडका उडत नाही, एक सोडून एक फेरीला उडतो, आणि टू-स्ट्रोक इंजिन फोर-स्ट्रोकच्या आवाजात बोलू लागतं. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. तो सायलेन्सरजवळ उकिडवा बसला, बराच वेळ ऐकत राहिला. मग त्याने कार्ब्युरेटर उघडला, सुईवरची क्लिप एक खाच वर सरकवली, म्हणजे सुई तेवढी खाली उतरली आणि पेट्रोल कमी झालं. पुन्हा पायडल मारलं, क्लच सोडला.

सुटे ठोके जुळले आणि त्यांचा एक सूर झाला. ओसरीवर बसलेली त्याची आजी म्हणाली, “आता कशी भुंग्यासारखी वाजतेय.” पोराने क्लिप तिथेच राहू दिली.