धरणीकंप आणि लाकडी सांगाडा

दि. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगरला धरणीकंप झाला. दगडमातीची घरे कोसळून सुमारे पावणेदोनशे माणसे दगावली. हादरा पुण्या-मुंबईपर्यंत जाणवला, आणि पनवेल तर त्या वाटेवरच आहे.

त्याहून भीषण प्रसंग दि. ३० सप्टेंबर १९९३ चा. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणरायाचे विसर्जन करून लोक निजले आणि पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारी व शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील सास्तूर परिसर जमीनदोस्त झाला. सुमारे आठ हजार बळी गेले.

तेथील भिंती दगड-चिखलाच्या, जाड पण दोन पदरी. दोन्ही पदर सांधणारा आरपार दगड क्वचितच. वर माळवद. गळू नये म्हणून वर्षानुवर्षे माती टाकीत गेल्याने तिचा थर कोठे कोठे दोन फुटांवर गेलेला. मात्र जेथे माळवदाचा भार लाकडी खांब-तुळयांच्या खणांवर होता व सांधे शाबूत राहिले, तेथे भिंती ढासळूनही छत उभे राहिले, आतली माणसे वाचली. सर्वत्र असे झाले नाही. कित्येक खण एका अंगाला कलंडले, कारण खांबांना तिरका आधार नव्हता.

चार पट्ट्यांची चौकट बाजूने ढकलली तर ती तिरपी होते. तीवर फळी ठोकली किंवा कोपऱ्यातून कोपऱ्यात आडवी पट्टी मारली की हलत नाही. अमेरिकेत लाकडी सांगाड्यावर फळ्या दाट खिळ्यांनी ठोकून भिंती करतात, त्या याच युक्तीवर. काश्मीरच्या धज्जी-दिवारी घरांतही लाकडाच्या तिरक्या पट्ट्या असतात. २००५ च्या भूकंपात ती पुष्कळ तग धरून राहिली.

कोकणातील जुने घर म्हणजे लाकडी मेढी, कारवीचा कूड, वर कौले. वजन कमी, हेच त्याचे बळ. पण मेढीचे बूड वाळवीने खाल्ले असेल तर ते बळ नावापुरतेच.

जीर्णोद्धारात पुष्कळ ठिकाणी लाकूड काढून जुन्याच दगडमातीच्या भिंतींवर स्लॅब घालतात. हे म्हणजे किल्लारीचे माळवद आपल्या हाताने डोक्यावर घेणे होय. स्लॅब हवाच असेल तर त्याला स्वतंत्र पाया व कॉलम हवेत. लाकडी सभामंडप राखायचा असेल तर खांब दगडी तळखड्यावर घ्यावेत, सांध्यांना लोखंडी पट्ट्या माराव्यात आणि वरच्या कोपऱ्यांत तिरकी लाकडे बसवावीत.