लघुमूर्ती रूपांतरण

लघुमूर्ती रूपांतरण म्हणजे टेबलावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांसाठी व भूमिकाखेळांसाठी तयार मिळणाऱ्या छोट्या मूर्तीचे मूळ रूप बदलून तिच्यापासून वेगळे पात्र घडविण्याची हस्तकला होय. खेळाडूंमध्ये ही कला कन्व्हर्जन या नावाने ओळखली जाते. निरनिराळ्या संचांतील सुटे भाग जोडून नवी मूर्ती तयार करण्याच्या पद्धतीला किटबॅशिंग म्हणतात. रूपांतरणासाठी प्रामुख्याने सेनापती आणि खलनायक ही पात्रे निवडली जातात. विकत घेतलेली मूर्ती सर्व खेळाडूंकडे सारखीच असते, खलनायक मात्र एखाद्या विशिष्ट कथेतला असतो. त्यामुळे त्याचा पूर्वेतिहास मूर्तीतच दिसावा, हा या कलेचा एक मुख्य हेतू असतो.

इतिहास

खेळण्यातील सैनिकांवर आधारित युद्धखेळाचे नियम इंग्लिश लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' या पुस्तकात मांडले. १९६०च्या दशकात हिस्टोरेक्स या फ्रेंच कंपनीने नेपोलियनकालीन सैनिकांचे प्लॅस्टिकचे संच बाजारात आणले. त्यांतील डोकी, हात, शस्त्रे व खोगिरे सुटी असल्याने संग्राहकांना एकाच संचातून वेगवेगळे सैनिक बनविता येत.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा भूमिकाखेळ प्रसिद्ध झाला आणि काल्पनिक पात्रांच्या मूर्तींची मागणी वाढली. ब्रिटनमध्ये गेम्स वर्कशॉप ही कंपनी १९७५ साली व सिटाडेल मिनिएचर्स ही मूर्ती बनविणारी कंपनी १९७९ साली स्थापन झाली. 'वॉरहॅमर' हा खेळ १९८३ मध्ये, तर 'वॉरहॅमर ४०,०००' हा १९८७ मध्ये आला. सुरुवातीच्या बहुतेक मूर्ती धातूच्या व अखंड ओतलेल्या असत. त्यांचे रूप बदलण्यासाठी करवत व कानस वापरावी लागे. पुढे सुट्या भागांच्या प्लॅस्टिक संचांचे प्रमाण वाढले आणि नवशिक्यांनाही रूपांतरण करणे शक्य झाले.

साहित्य व साधने

प्लॅस्टिकचे भाग स्प्रू नावाच्या चौकटीला जोडलेले असतात. संचात गरजेपेक्षा जास्त डोकी, हात व शस्त्रे असतात. उरलेले भाग खेळाडू जपून ठेवतात आणि पुढील रूपांतरणांसाठी हाच साठा उपयोगी पडतो. भाग कापण्यासाठी कटर व धारदार चाकू, घासण्यासाठी बारीक कानस व पॉलिश पेपर, तर छिद्रे पाडण्यासाठी हाताने फिरविण्याचे छोटे ड्रिल वापरतात.

पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकसाठीचा द्रव सिमेंट दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवून ते एकजीव करतो. धातू व रेझिन यांवर त्याचा उपयोग होत नाही. तेथे सुपरग्लू लागतो. फटी बुजविण्यासाठी आणि नवे तपशील घडविण्यासाठी इपॉक्सी पुट्टी वापरतात. ग्रीन स्टफ या नावाने परिचित असलेल्या पुट्टीच्या निळ्या व पिवळ्या पट्ट्या एकत्र मळल्या की हिरवा रंग येतो. मळल्यानंतर साधारण तासभर तिला आकार देता येतो. ती हत्याराला चिकटू नये म्हणून हत्यार पाण्याने ओले ठेवतात. सुकल्यावरही ती थोडी लवचिक राहते. त्यामुळे ती वस्त्र, केस व कातडी दाखविण्यास सोयीची असते. कडक कडा हव्या असल्यास घासता येणारी मिलिपुट ही पुट्टी निवडतात.

प्रक्रिया

रूपांतरणाचे काम सहसा कथेपासून सुरू होते. पात्र कोण होते आणि आता कोण झाले आहे, हे ठरल्यावर भाग निवडले जातात. कापलेला भाग पूर्ववत करता येत नाही. त्यामुळे कापण्यापूर्वी सर्व भाग मऊ पुट्टीने किंवा चिकणमातीने तात्पुरते जोडून मूर्तीची ठेवण तपासतात.

भागांचे प्रमाण जुळणे महत्त्वाचे असते. अनेक मूर्ती २८ मिमी प्रमाणाच्या म्हणून विकल्या जात असल्या, तरी प्रत्येक उत्पादकाची डोकी व हात यांची जाडी वेगळी असते. २०१७ साली आलेल्या प्रायमॅरिस सैनिकांची उंची जुन्या स्पेस मरीन मूर्तींपेक्षा जास्त आहे. त्यामुळे जुने भाग त्यांवर बसविताना विसंगती दिसू शकते.

जड भाग केवळ गोंदाने टिकत नाहीत. दोन्ही बाजूंना छिद्र पाडून त्यात पितळी तार बसवितात. या पद्धतीला पिनिंग म्हणतात. शेवटी सांधे पुट्टीने बुजवून सर्व मूर्तीवर एकाच रंगाचा प्रायमर मारतात. वेगवेगळ्या रंगांच्या प्लॅस्टिकमुळे लपून राहिलेली फट प्रायमरनंतर स्पष्ट दिसते. म्हणून अंतिम रंगकामाआधी ती दुरुस्त केली जाते.

खलनायकाचे उदाहरण

'वॉरहॅमर ४०,०००'च्या कथेत होरस या सेनानीने सम्राटाविरुद्ध बंड केले आणि स्पेस मरीन सैन्यांच्या अठरापैकी नऊ तुकड्या त्याच्या बाजूला गेल्या. या खेळातील केऑस स्पेस मरीन हे खलनायक म्हणजे त्याच सैन्यातील फितूर योद्धे होत. त्यामुळे सामान्य स्पेस मरीनची मूर्ती हीच अशा खलनायकाची पायाभूत मूर्ती ठरते.

रूपांतरणात छातीवरील साम्राज्याचा दुमुखी गरुड चाकूने खरवडून काढतात किंवा त्याचे पंख तोडून तो विद्रूप करतात. शिरस्त्राणाच्या जागी शिंगे असलेले डोके बसवितात, एका खांद्यावर काटेरी कवच लावतात आणि एका हाताच्या जागी पुट्टीने घडविलेला विकृत अवयव जोडतात. चिलखताचा मूळ घाट मात्र सहसा कायम ठेवला जातो. सर्वच भाग बदलले तर मूर्ती केवळ राक्षसाची वाटते. जुने चिलखत ओळखता आले, तरच तो योद्धा एके काळी कोणत्या पक्षाचा होता आणि त्याने काय सोडले, हे पाहणाऱ्याच्या लक्षात येते. टेबलावर मूर्ती हातभर अंतरावरून पाहिली जाते. म्हणून बारीक कोरीवकामापेक्षा बाह्याकृतीतील बदलांना अधिक महत्त्व दिले जाते.

नियम व कायदेशीर बाबी

अनेक खेळांत पात्राकडे असलेली शस्त्रे मूर्तीवर दिसली पाहिजेत, असा संकेत पाळला जातो. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचा गैरसमज होत नाही. मूर्तीचा तळ व उंची यांवरून दृष्टिरेषा व अंतर मोजले जात असल्याने त्यांतील बदलांचा खेळावर परिणाम होतो. अधिकृत स्पर्धांत इतर उत्पादकांच्या भागांवर निर्बंध असू शकतात.

स्वतःच्या वापरासाठी मूर्ती बदलणे आणि दुसऱ्या कंपनीच्या मूर्तींना जुळणारे भाग बनवून विकणे यांत फरक केला जातो. गेम्स वर्कशॉपने असे भाग विकणाऱ्या चॅप्टरहाउस स्टुडिओज या अमेरिकी कंपनीविरुद्ध २०१० साली इलिनॉयमधील संघराज्य न्यायालयात स्वामित्वहक्क व व्यापारचिन्हाच्या भंगाचा दावा दाखल केला. २०१३ मध्ये ज्युरीने काही मुद्द्यांवर गेम्स वर्कशॉपच्या, तर काहींवर चॅप्टरहाउसच्या बाजूने निर्णय दिला.

सुरक्षितता

रेझिन घासताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते. त्यामुळे मास्क लावून व भाग ओला ठेवून घासण्याची शिफारस केली जाते. न सुकलेल्या इपॉक्सी पुट्टीमुळे काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते. जुन्या धातूच्या मूर्तींत शिसे असू शकते. अशा मूर्ती कापल्यावर किंवा घासल्यावर कीस गोळा करून हात धुणे आवश्यक असते.